माँटेसरीबाईंची पहिली मुलं



डी.एड.ला असताना मी मारिया माँटेसरी या नावावर पाच गुणांची टीप लिहिली होती. जन्म इटलीत, १९०७ मध्ये बालगृहाची स्थापना, इंद्रियशिक्षणावर भर, मुलांना स्वातंत्र्य. एवढं लिहिलं की पाचपैकी चार मिळायचे. तुमच्यापैकी ज्यांनी डी.एड. केलंय त्यांनीही हेच लिहिलं असणार. पालकांना हे नाव माहीत आहे ते पाट्यांवरून. साताऱ्यात, कराडात, आता तर आमच्या रहिमतपुरातही लहान मुलांच्या शाळेला मॉन्टेसरी म्हणायची पद्धत आहे. रंगीत भिंती, छोट्या खुर्च्या, आणि फी.

त्या टिपेत एक गोष्ट नव्हती. ती मला नोकरीला लागून दहा वर्षं झाल्यावर कळली, आणि तीही गरज पडली म्हणून. माँटेसरीबाईंची साधनं अडीच-तीन वर्षांच्या हुशार बाळांसाठी तयारच झाली नव्हती. ती तयार झाली वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या, शिकूच शकत नाहीत असं ठरवून टाकलेल्या मुलांसाठी. त्यांतली काही तर आपल्या पाचवी-सहावीच्या वयाची होती.

गरज कशी पडली ते आधी सांगते. रहिमतपूरजवळच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. गेल्या वर्षी माझ्याकडे सहावीचा वर्ग आला आणि त्यात तेरा वर्षांचा एक मुलगा. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, घंटावाला म्हणू. कारण शाळेची घंटा त्याच्याकडे होती. पहिलीपासून प्रत्येक वर्गशिक्षकाने त्याला घंटा दिली, पाण्याची टाकी भरून ठेवायचं काम दिलं, फळा पुसायला दिला. तो आनंदात असायचा. आम्हीही आनंदात असायचो, कारण घंटा दिली की त्याला शिकवायची जबाबदारी आपोआप संपायची. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. सहा वर्षं शाळेत येऊन त्याला स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिता येत नव्हतं. त्याच्या आईने मला पहिल्याच पालकसभेत विचारलं, की बाई, याला अजून पाठवत जाऊ का, का आता आलं लावायला माझ्यासोबत नेऊ?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता या बाईंपाशी पोहोचले.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या क्यारावाल्ले या छोट्या गावातला. वडील सरकारी खात्यात हिशेबाच्या कामावर, शिस्तीचे. आई वाचनाची आवड असलेली, त्या काळच्या मानाने चांगली शिकलेली. मुलगी पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आलं. मारियाला गणित आवडायचं, आणि तेराव्या वर्षी ती मुलांच्या तांत्रिक शाळेत दाखल झाली, इंजिनीअर व्हायचं म्हणून. पुढे इंजिनीअरिंग मागे पडलं आणि तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. वडिलांना ते मान्य नव्हतं. आई मात्र पाठीशी उभी राहिली. आपल्याकडे आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या त्या १८८६ साली. म्हणजे या दोघी जवळजवळ एकाच काळातल्या.

रोमच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला शवविच्छेदन मुलांबरोबर करता येत नसे. उघड्या देहासमोर मुलं आणि मुलगी एकत्र उभी राहणं असभ्य मानलं जाई. मग सगळे गेल्यावर संध्याकाळी एकटीने त्या खोलीत काम करायचं. असं करत १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक. (आता डॉक्टर झाल्या, तर इथून पुढे अहोजाहो करते.) त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत इटलीतर्फे जाऊन त्यांनी स्त्रियांना समान वेतन मिळावं यावर भाषण केलं.

पुढची दोन वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. विद्यापीठाच्या मनोविकार विभागात काम करताना त्यांना रोमच्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथे मोठ्या मनोरुग्णांच्या जोडीला मुलंही ठेवलेली असत. त्यांना वेड लागलेलं नव्हतं. ती उशिरा बोलणारी, न बोलणारी, समजायला वेळ लागणारी मुलं होती. शाळा घेत नाही, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून तिथे. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. एका खोलीत अशी मुलं बंद होती आणि त्यांची देखरेख करणारी बाई तक्रार करत होती, की जेवण झालं की ही मुलं जमिनीवर लोळून पावाचा चुरा शोधतात, किती घाणेरडी. डॉक्टरबाईंनी खोलीभर नजर फिरवली. तिथे हातात घेण्यासारखी एकही वस्तू नव्हती. खेळणं नाही, काठी नाही, चिंधी नाही. चुरा ही त्या खोलीतली बोटांनी धरता येणारी एकमेव गोष्ट होती. मुलांचं पोट भरलेलं होतं, हात रिकामे होते.

प्रसंग वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या वर्गात घंटावाला खडूचे तुकडे गोळा करून खिशात भरायचा. दर आठवड्याला मी ते काढून घ्यायचे आणि रागवायचे.

या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असं माँटेसरीबाईंच्या मनाने घेतलं. पण शिकवायचं कसं? त्या ग्रंथालयात गेल्या आणि त्यांना दोन फ्रेंच डॉक्टर सापडले. दोघंही तेव्हा हयात नव्हते आणि बरेचसे विसरले गेले होते.

पहिले इतार. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतले डॉक्टर. १८०० च्या सुमारास फ्रान्समधल्या आव्हेरोंच्या जंगलात एक बारा वर्षांच्या आसपासचा मुलगा सापडला होता. बोलता येत नव्हतं, अंगावर कपडे सहन होत नव्हते. मोठमोठ्या विद्वानांनी त्याला पाहून सांगितलं की याचं काही होणार नाही. इतारांनी पाच-सहा वर्षं त्याला रोज शिकवलं. त्याचं नाव ठेवलं व्हिक्टर. स्पर्श, उष्ण-गार, आकार, रंग, मग अक्षरं. व्हिक्टर काही शब्द वाचायला शिकला, माणसांना जीव लावायला शिकला. बोलायला मात्र शिकला नाही, आणि इतारांनी स्वतःला हरलेला समजून काम थांबवलं. मला तरी ते हरलेले वाटत नाहीत. असो.

दुसरे सेगँ, इतारांचे शिष्य. यांनी अशा मुलांसाठी शाळाच काढली, पुढे अमेरिकेत जाऊन तिथेही हे काम रुजवलं. हात, डोळे, तोल यांना आधी शिकवा, त्यावर मग अक्षर-अंक उभे राहतात, ही त्यांची पद्धत. या दोघांचं लेखन माँटेसरीबाईंनी फ्रेंचमधून इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. छापायचं होतं म्हणून नव्हे, तर प्रत्येक शब्दावर थांबता यावं म्हणून. आपण पाठ्यपुस्तकाचं शिक्षक हस्तपुस्तिकेवरून टाचण काढतो त्याच्या कितीतरी पलीकडचं काम हे.

१८९८ मध्ये तुरीनच्या शिक्षण परिषदेत त्यांनी या मुलांसाठी वेगळे वर्ग आणि प्रशिक्षित शिक्षक हवेत अशी मागणी केली. त्यातून पैसा उभा राहिला आणि १९०० मध्ये रोमला एक संस्था सुरू झाली. तिच्या पहिल्या तुकडीत ६४ शिक्षक होते, आणि त्यांना शिकता यावं म्हणून जोडीला मुलांचा वर्ग होता. मुलं कुठली? शाळांनी परत पाठवलेली, आणि नंतर त्या इस्पितळांतून आणलेली. संस्था चालवायला दोघं होते, माँटेसरीबाई आणि त्यांचे सहकारी डॉक्टर मोंतेसानो.

दोन वर्षं त्या स्वतः या मुलांना शिकवत होत्या. सकाळी ८ ते संध्याकाळी ७. मग रात्री त्या दिवसाच्या नोंदी आणि दुसऱ्या दिवशीची साधनं. त्यांच्याकडे कितीतरी पदव्या होत्या, पण ही दोन वर्षं हीच आपली अध्यापनातली खरी पदवी, असं त्या मानायच्या.

त्या वर्गातल्या एका मुलीची हकीकत त्यांनी स्वतःच्या पुस्तकात दिली आहे. मुलगी अकरा वर्षांची. हातात ताकद होती, बोटं हलत होती, पण शिवणकाम येईना. रफू करताना सुई एका धाग्यावरून, मग पुढच्या धाग्याखालून न्यायची, एवढंही जमेना. आपण काय केलं असतं? तेच पुन्हा पुन्हा करून घेतलं असतं, वीस वेळा, पन्नास वेळा, आणि मग सोडून दिलं असतं. बाईंनी सुई काढून घेतली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. हो, तीच चटई, जी आपण कार्यानुभवात करून घेतो, एक पट्टी वर, एक पट्टी खाली. चटई सफाईने यायला लागली तेव्हा पुन्हा सुई दिली, आणि मुलगी रफू करू लागली. वर-खाली ही हालचाल हाताला आधीच माहीत झाली होती. यावरून त्यांनी नियम बांधला: मूल एखादं काम करू शकत नसेल तर त्या कामातली हालचाल शोधायची, ती दुसऱ्या सोप्या वस्तूवर हाताला शिकवायची, आणि मगच त्या कामाकडे यायचं.

हेच त्यांनी अक्षरांना लावलं. लाकडाची वळणदार अक्षरं करून घेतली, लहान अक्षरं ८ सेंटिमीटर उंच. व्यंजनं निळी, स्वर लाल. मुलाने आधी एका बोटाने, मग दोन बोटांनी आणि शेवटी पेनासारखी काडी धरून ते अक्षर गिरवायचं. डोळ्यांआधी हाताला अक्षर पाठ. ही अक्षरं करायला खर्च आला होता, त्यामुळे संच एकच होता. काही वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी लाकडी अक्षरं करून मिळेनात तेव्हा त्यांनी पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. जगभरच्या महागड्या शाळांत आज जी खरखरीत अक्षरं असतात ती अशी अडचणीतून आली.

नाव शिकवायची पद्धत त्यांनी सेगँकडून घेतली. तीन पायऱ्या. पहिल्या वेळी आपण वस्तू दाखवायची आणि फक्त नाव सांगायचं. दुसऱ्या वेळी आपण नाव घ्यायचं आणि मुलाने वस्तू उचलून द्यायची. तिसऱ्या वेळी आपण वस्तू दाखवायची आणि मुलाने नाव सांगायचं. दुसरी पायरी जमेपर्यंत तिसरी विचारायचीच नाही. आपण वर्गात थेट तिसरीच विचारतो. हे काय आहे सांग बरं? आणि मूल गप्प राहिलं की पुढच्या बाकावर जातो. मी तर जायचे.

या मुलांपैकी काही जण लिहा-वाचायला शिकले. इतकं, की बाईंनी त्यांना सरकारी शाळेच्या परीक्षेला इतर मुलांच्या बरोबरीने बसवलं आणि ती पास झाली. रोममध्ये चमत्कार झाल्यासारखी चर्चा झाली. बाईंच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला. माझी मुलं जर इथवर पोहोचू शकतात, तर ज्यांना काहीच अडचण नाही ती मुलं एवढ्याच पातळीवर का? शाळा त्यांचं काय करते आहे? या प्रश्नाने त्यांचं पुढचं आयुष्य वळवलं. १९०१ मध्ये त्यांनी ती संस्था सोडली आणि पुन्हा विद्यापीठात जाऊन तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र शिकायला बसल्या.

सोडण्यामागे आणखी एक कारण होतं. ते टाळून पुढे गेलं तर चरित्र अर्धं राहील. मोंतेसानोंपासून त्यांना १८९८ मध्ये मुलगा झाला, मारिओ. लग्न झालं नव्हतं. त्या काळात लग्नाशिवायचं मूल उघड झालं असतं तर डॉक्टरकी आणि काम दोन्ही संपलं असतं. बाळ रोमबाहेर गावात एका कुटुंबाकडे ठेवलं गेलं. पुढे मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं. बाई मुलाला भेटायला जात, पण आई म्हणून नव्हे. इतरांच्या टाकलेल्या मुलांसाठी दिवसाचे अकरा तास देणाऱ्या बाईला स्वतःचं मूल जवळ ठेवता आलं नाही. आई वारल्यानंतर, मारिओ पंधरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला आपल्याकडे आणलं, तरी पुढची कितीतरी वर्षं जगाला नातेवाईक म्हणूनच ओळख करून दिली.

त्यानंतरची कथा आपल्या टिपेतली. ६ जानेवारी १९०७, रोममधली सान लोरेंझो ही गरीब वस्ती. मोठ्या चाळीसारख्या इमारतींत आईबाप कामावर गेले की मुलं जिने खराब करायची, भिंती रंगवायची. इमारतीच्या मालकांना त्यांना कुणीतरी सांभाळायला हवं होतं. बाईंनी तिथे पन्नासएक मुलांसाठी पहिलं बालगृह उघडलं आणि आपल्या जुन्या वर्गातली साधनं तिथे नेली. खुंट्यांचे ठोकळे, पट्ट्या, अक्षरं. इथे एक फरक त्यांच्या लक्षात आला. पहिल्या मुलांना तेच साधन घेऊन शेजारी बसून शिकवावं लागे, उत्साह द्यावा लागे, बोट धरावं लागे. ही मुलं मात्र स्वतःहून घेत, पुन्हा पुन्हा करत, आणि चूक स्वतः दुरुस्त करत.

हा फरक दिव्यांग मुलांच्या शिक्षकांनी नीट समजून घ्यायला हवा असं मला वाटतं. साधन टेबलावर ठेवून दिलं आणि मूल आपोआप शिकेल, हे आपल्या घंटावाल्यांना लागू होत नाही. तिथे शेजारी बसायलाच लागतं.

१९०९ मध्ये पुस्तक आलं, भाषांतरं झाली, अमेरिकेपासून जपानपर्यंत बालगृहं निघाली. मधल्या काळात मुसोलिनीच्या सरकारचा आश्रय त्यांनी घेतला, हेही नोंदवायला हवं. सरकारला शाळांत शिपाई घडवायचे आहेत हे उमगायला त्यांना दहाएक वर्षं लागली, आणि १९३४ मध्ये इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद पडल्या. मग स्पेन, तिथे यादवी पेटल्यावर हॉलंड. या साऱ्या प्रसिद्धीत पहिली मुलं मात्र मागे राहिली. पद्धत त्यांच्यावर सिद्ध झाली आणि गेली दुसऱ्यांकडे. माँटेसरीबाई त्या मुलांकडे पुन्हा तशा परतल्या नाहीत. मला हे खटकतं. त्यांचं मोठेपण मान्य करूनही खटकतं.

आपल्याकडे हे नाव कसं आलं? ताराबाई मोडकांमुळे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम सुरू केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार. पुढे बोर्डी आणि मग कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह त्यांनी वारली मुलांसाठी शिंपले, बिया, पानं, काटक्या यांची साधनं केली, आणि मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. इटालियन साधनं विकत घेण्याची आपली ऐपत नाही, हे ताराबाईंनी अडचण म्हणून कधी धरलंच नाही.

आणि माँटेसरीबाई स्वतःही आल्या. १९३९ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मद्रासच्या अड्यारला शिक्षकांना शिकवायला. सोबत मारिओ. काही महिन्यांचा दौरा होता, पण १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी ही दोघं शत्रूदेशाची नागरिक झाली. बाईंना अड्यारच्या आवारातच राहायला सांगण्यात आलं आणि मारिओला उचलून आपल्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध केलं. ३१ ऑगस्ट १९४० ला बाईंचा सत्तरावा वाढदिवस. व्हाइसरॉयकडून निरोप आला की वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या मुलाला सोडत आहोत. मुलाला. ज्याला बेचाळीस वर्षं उघडपणे मुलगा म्हणता आलं नव्हतं, त्याला सरकारी कागदाने मुलगा म्हटलं. अहिल्यानगरवरून एस.टी.ने जाताना आता मला हे हटकून आठवतं.

सगळं धरून सात-आठ वर्षं त्या आपल्या देशात होत्या. मद्रास, कोडाईकनाल, अहमदाबाद, कराची अशा ठिकाणी हजाराहून जास्त शिक्षक त्यांच्या हाताखाली शिकून गेले.

सहावी ते आठवीच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असं त्यांचं आणखी एक काम आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. बारा वर्षांपुढच्या मुलांचं काय, यावर त्यांनी उतारवयात विचार मांडला. या वयाच्या मुलाला बाकावर बसवून ठेवू नका, त्याला जमिनीवर काम द्या, शेत करू द्या, पिकवलेलं विकू द्या, छोटं दुकान चालवू द्या, आणि गणित-विज्ञान त्यातून शिकवा. एर्डकिंडर हे त्या योजनेचं नाव. जर्मन शब्द, अर्थ जमिनीची मुलं. त्यांनी ते सर्व मुलांसाठी लिहिलं होतं. मी ते वाचलं तेव्हा मला डोळ्यांसमोर एकच मुलगा दिसला.

घंटावाल्याची आजी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते. मी एका बाजाराच्या दिवशी मुद्दाम जाऊन बघितलं. ज्याला वर्गात २० च्या पुढचा आकडा ओळखता येत नव्हता तो मुलगा तराजूच्या शेजारी बसला होता. आजीने अर्धा किलो म्हटलं की न बघता, पिशवीत हात घालून अर्ध्या किलोचं वजन काढून देत होता. पाव किलो म्हटलं की पाव. हाताला वजन कळत होतं. माँटेसरीबाईंच्या साधनांत सारख्याच आकाराच्या पण वेगवेगळ्या वजनाच्या लाकडी पाट्या असतात, डोळे मिटून जड-हलकं ओळखायला. ती साधनं मी कधी पाहिलेली नाहीत. रहिमतपूरच्या बाजारात गोणपाटावर बसून या मुलाने ती पायरी कधीच ओलांडली होती, आणि शाळेला त्याचा पत्ता नव्हता.

तिथून सुरुवात केली. आजीकडून जुनी वजनं मागून आणली. प्रत्येक वजनाला एक पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पॉलिश पेपरचा आकडा. तीन पायऱ्या. पहिले पंधरा दिवस दुसरीच पायरी. तालुक्याहून येणारे विशेष शिक्षक मदतीला होतेच. मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं मी त्याच्या शेजारी बसायचे, बाकीच्या मुलांना गटकार्य देऊन. बाकीच्यांचं नुकसान झालं का, असं दोन पालकांनी मला विचारलं. झालं नसावं, पण त्यांचं विचारणं चुकीचं होतं असंही मी म्हणणार नाही. अट्ठावीस मुलांचा वर्ग आणि एक शिक्षक, यात वीस मिनिटं ही मोठी गोष्ट असते. पुढे वर्गातल्या दोन मुली आळीपाळीने त्याच्याजवळ बसायला लागल्या आणि मला थोडा श्वास मिळाला.

चिंचोके तीन बोटांनी उचलून बाटलीत टाकणं, मग कागदी चटई, मग मिठाच्या ताटात बोटाने रेघा, मग खरखरीत अक्षरं. मी स्वर आणि मात्रा लाल केल्या. मार्चअखेर त्याला १००, २००, ५०० हे आकडे वजनाशी जोडता येत होते आणि नावातली दोन अक्षरं न बघता लिहिता येत होती. तिसरं अक्षर जोडाक्षर आहे. ते अजून जमलेलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत त्यातलं काही विसरलंही. सहा वर्षं गेल्याचा हिशेब मी मांडत बसत नाही, पण पहिलीतच कुणी हे केलं असतं तर, हे मनात येतंच. त्या कुणीमध्ये मीही येते, मधे दोन वर्षं मी त्याच शाळेत दुसऱ्या वर्गाला होते.

माँटेसरीबाई ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या नोर्दवाइक गावात गेल्या, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. तिथेच त्यांची समाधी आहे. शेवटची तीन वर्षं लागोपाठ शांततेच्या नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं होतं, मिळालं नाही. नंतर इटलीने हजार लिराच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. ज्या मुलांना त्या काळात वेड्यांमध्ये कोंडत, त्यांना आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर पालकांनी ते आधी काढून घ्या, मूल आठवीत गेल्यावर धावपळ करू नका.

घंटावाला आता सातवीत आहे आणि वर्ग पुन्हा माझ्याकडेच आहे. त्याच्या आईला मी पाठवत जा म्हणून सांगितलं. बाजाराच्या दिवशी मात्र त्याला दुपारनंतर आजीकडे जाऊ देते. दुसऱ्या दिवशी येताना काय विकलं त्याची चित्रं आणि वजनं त्याने वहीत भरून आणायची, हा त्याचा गृहपाठ. घंटा अजून त्याच्याकडेच आहे, पण आता कितवा तास ते पाटीवर लिहून मग वाजवतो.

यंदा मला पैशांकडे जायचं आहे. सुटे पैसे परत देणं हे त्याला अजिबात येत नाही, आणि आजीचे डोळे आता अधू झालेत. पाच, दहा, वीसच्या नोटा-नाण्यांवर कुणी असं हाताने शिकवायचं साधन केलं असेल तर खाली लिहा. पॉलिश पेपर १२० नंबरचा घ्या, त्याहून जाड घेतला तर मुलांची बोटं सोलतात. हे मी आधी ८० नंबरचा आणून शिकले.